काचेवर ठेवलेले सुटे पैसे

पाकीट जाडजूड होतं. पेटीच्या फटीतून आत जाईना, म्हणून पोस्टमननं बेल वाजवून हातात दिलं. आत फुलस्केपची चौदा पानं. निळी शाई, डावीकडे समास सोडलेला, खाडाखोड कुठेही नाही. म्हणजे आधी कच्चं लिहून मग पक्कं उतरवलेलं. वर टाचणीनं लावलेली तीन ओळींची चिठ्ठी: ‘आदरणीय ताई, स. न. वि. वि. दिवाळी अंकातली तुमची कथा वाचली. इंदूआक्का डोक्यातून जाईना, म्हणून पुढचं लिहून पाहिलं. राग मानू नये.’

मला राग आला. खरं तर राग नंतर आला, आधी पोटात खड्डा पडला.

त्या कथेला मी चार महिने दिले होते. बाजारपेठेच्या आतल्या गल्लीत इंदूआक्काचं मॅचिंग सेंटर. फॉल, अस्तर, रिळं, हुक, पत्र्याच्या डब्यांत बटणं. आक्का एकटी, साठी उलटलेली, कमी बोलणारी. कथेत घडतं फार थोडं. शेवटी एका संध्याकाळी ती नेहमीपेक्षा तासभर आधी शटर ओढते आणि कथा थांबते. का ओढते, उद्या उघडणार आहे की नाही, हे मी सांगितलेलं नाही. ते न सांगण्यासाठीच मी सगळ्यात जास्त झगडले होते, सात-आठ शेवट लिहून फाडले होते. आणि मिरजेच्या बाजूच्या एका गावातल्या, मी कधी न पाहिलेल्या बाईनं दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ते शटर वर ढकललं होतं. पहिल्याच ओळीत.

तीन पानं वाचली आणि सगळी चळत ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. अकरा दिवस ती तिथेच होती.

त्या अकरा दिवसांत मला माझी शंभर पानी वही सारखी आठवत राहिली. पाचवीच्या मे महिन्यातली. भा. रा. भागवतांची फास्टर फेणेची जेवढी पुस्तकं गावच्या वाचनालयात होती तेवढी वाचून संपली होती आणि सुट्टीचे वीस दिवस उरले होते. मग मी बन्याला आमच्या गावात आणलं. फुरसुंगीचा फेणे सायकल मारत आमच्या नदीच्या पुलावर आला, त्यानं ‘ट्टॉक्’ केलं, आणि एका मुलीनं त्याला चोरांचा पत्ता सांगितला. ती मुलगी कोण, हे सांगायला नको. भागवतांना विचारावं, त्यांना आवडेल का, असलं काही माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. फेणे माझा होता. त्याच्या सायकलची चेन कधी निसटते हे मला माहीत होतं. पुढे २०१७ मध्ये त्याच्यावर चित्रपट आला. वयानं वाढलेला, मोबाइलच्या काळातला फेणे पडद्यावर बघताना मी पहिला अर्धा तास ‘हा आमचा नव्हे’ म्हणत बसले होते. माझ्या वहीतला तरी भागवतांचा कुठे होता?

याला फॅन फिक्शन म्हणतात हे मला फार उशिरा, भाचीकडून कळलं. ती बारावीत आहे आणि इंग्रजीतून लिहिते, दुसऱ्यांच्या पात्रांवर. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या ज्या संकेतस्थळावर ती लिहिते तिथे अशा एक कोटीहून जास्त रचना आहेत, आणि २०१९ मध्ये त्या संग्रहाला विज्ञानकथा-जगतातला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. मी तिला एकदा विचारलं, ज्याची पात्रं घेतेस त्या लेखकाला काय वाटत असेल गं? ती म्हणाली, ‘मावशी, कोणाला चालतं आणि कोणाला नाही, हे आम्हाला पाठ असतं.’ हे तिनं इतक्या गंभीरपणे सांगितलं की मी गप्प बसले. मी मात्र ते पाकीट येईपर्यंत कधी विचारच केला नव्हता, की आपल्याला चालतं का.

रागाच्या बाबतीत मला सर्व्हांटिस या जुन्या स्पॅनिश लेखकाचा फार आधार वाटला. ‘डॉन किहोते’ या कादंबरीचा पहिला भाग त्यानं १६०५ मध्ये छापला. त्याच्या अगदी शेवटी एक इटालियन ओळ ठेवली आहे, आरिओस्तोच्या काव्यातली. कदाचित दुसरा कुणी याहून चांगल्या नखीनं हे छेडून गाईल, अशा अर्थाची. म्हणजे दार त्यानंच लोटून ठेवलं होतं, कडी घातली नव्हती. १६१४ मध्ये खरोखरच दुसरा कुणी आला. अव्हेलानेदा असं नाव लावून त्यानं डॉन किहोतेचा दुसरा भाग छापून टाकला. खरा माणूस कोण, ते आजतागायत ठरलेलं नाही. नुसती गोष्ट पुढे नेली असती तर एक वेळ चाललं असतं. पण प्रस्तावनेत त्यानं सर्व्हांटिसला म्हातारा म्हणून हिणवलं आणि त्याच्या हातावरून टोमणा मारला. १५७१ मध्ये लेपांतोच्या आरमारी लढाईत तो डावा हात कायमचा निकामी झाला होता.

सर्व्हांटिसचा स्वतःचा दुसरा भाग १६१५ मध्ये आला. त्यातलं एकोणसाठावं प्रकरण मी कितीदा वाचलं असेल. डॉन किहोते रात्री एका सराईत उतरलाय. पातळ भिंतीपलीकडच्या खोलीत दोन गृहस्थ जेवण येईपर्यंत वेळ घालवायला एक पुस्तक वाचायचं म्हणतायत. पुस्तक त्याच्याच नावाचं, ते खोटं. त्यातला डॉन किहोते म्हणे आपल्या प्रेयसीला, दुल्सिनियाला, विसरलाय. हे कानावर पडताच अलीकडून खरा डॉन किहोते गरजतो, की असं म्हणणाऱ्याशी मी दोन हात करायला तयार आहे. मग तो ते पुस्तक हातात घेऊन चाळतो. खोटा डॉन किहोते सारागोसाला गेला होता असं कळतं, तेव्हा हा ठरवतो, आपण त्या गावात पाऊलही ठेवायचं नाही. आणि बार्सिलोनाची वाट धरतो. अख्ख्या कादंबरीचा रस्ता लेखकानं बदलला, का, तर दुसऱ्याचं पुस्तक खोटं ठरावं.

पुढे तर कमाल आहे. अव्हेलानेदाच्या पुस्तकातलं एक पात्र, डॉन आल्वारो तार्फे, सर्व्हांटिस सरळ उचलून आपल्या पुस्तकात आणतो. डॉन किहोते त्याला गावच्या अधिकाऱ्यापुढे उभा करून लिहून घेतो, की तुम्ही पाहिलात तो मी नव्हे. कागदावर, रीतसर. शेवटी सर्व्हांटिस डॉन किहोतेला मारतो, तेव्हाही पाद्री लेखनिकाकडून दाखला मागतो, की हा माणूस खरोखर मेला, म्हणजे पुन्हा कुणी त्याला उठवून फिरवायला नको. आणि अगदी अखेरीला खुंटीला टांगलेली लेखणी बोलते: डॉन किहोते माझ्यासाठीच जन्मला, आणि मी त्याच्यासाठी.

लोक याला सूड म्हणतात. मला त्यात जत्रेत पोराचा हात सुटलेला बाप दिसतो. पण एक गोष्ट मला त्या अकरा दिवसांत पहिल्यांदाच जाणवली. सराईतली ती पातळ भिंत आणि तो कागद दुसऱ्या भागात आले ते अव्हेलानेदामुळे. तो नसता तर त्या पुस्तकातला माझ्या सगळ्यात आवडीचा भागच नसता.

आर्थर कॉनन डॉईलनं नेमकं उलटं केलं. शेरलॉक होम्सला त्यानं १८९३ च्या डिसेंबरात मारलं. पुढे विल्यम जिलेट हा अमेरिकी नट होम्सवर नाटक रचत होता. त्याला त्यात प्रेमप्रकरण हवं होतं. त्यानं तार केली, होम्सचं लग्न लावलं तर चालेल का? डॉईलनं कळवलं, लग्न लावा, खून करा, काय हवं ते करा. नाटक १८९९ मध्ये न्यूयॉर्कला लागलं आणि तुफान चाललं. हा किस्सा लेखकाच्या मोठ्या मनाचा म्हणून सांगतात. मला ते मोठं मन वाटत नाही, ती दमणूक वाटते. होम्सनं त्याला पिळून काढलं होतं, त्याला स्वतःच्या ऐतिहासिक कादंबऱ्या जास्त प्रिय होत्या. ज्यात जीव गुंतलेला नाही ते द्यायला काय लागतं? आणि त्याच डॉईलनं, मोरिस लब्लाँ या फ्रेंच लेखकानं १९०६ मध्ये आपल्या आर्सेन ल्युपँ या चोराच्या गोष्टीत न विचारता होम्स आणला तेव्हा हरकत घेतली. लब्लाँला नाव फिरवून ‘हेरलॉक शोल्मेस’ करावं लागलं. माणूस तोच, अक्षरं तेवढी इकडची तिकडे.

ज्यांनी ठाम नाही म्हटलं त्यांच्यातली अमेरिकी कादंबरीकार अ‍ॅन राइस मला सगळ्यात जवळची वाटते. २००० साली तिनं वाचकांना कळवलं, माझ्या पात्रांवर कुणी लिहिलेलं मला चालणार नाही, त्याचा विचारसुद्धा मला फार त्रास देतो. तेव्हा ती पुष्कळांना आढ्यताखोर वाटली. पण तिची कहाणी ठाऊक असलेला माणूस तसं म्हणणार नाही. तिची मुलगी १९७२ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेली, सहाव्या वाढदिवसाच्या थोडी आधी. त्यानंतर लिहिलेल्या तिच्या पहिल्या कादंबरीत क्लॉडिया आहे. रक्तपिपासू व्हँपायर झालेली लहान मुलगी, जी कधी मोठी होत नाही. त्या मुलीला कुणी आपल्या मनानं वाढवावं, नटवावं, तिचं लग्न लावावं, हे त्या आईला सोसलं नसेल तर मी तिच्या बाजूनं उभी राहीन. पुढे तिचा सूर बराच निवळला, तरीही.

‘गेम ऑफ थ्रोन्स’वाला लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिनही आपल्या पात्रांना लेकरंच म्हणतो आणि ती दुसऱ्यांच्या हाती द्यायला तयार नाही. मात्र त्यानं स्वतः जॅक व्हान्स या दुसऱ्या लेखकाच्या कल्पित जगात घडणारी कथा लिहिलेली आहे, व्हान्सच्या संमतीनं. विचारून येणं आणि न विचारता येणं यांतला फरक तो मानतो, आणि तो मला पटतोही. आपल्याकडे कायद्यातही त्याला जागा आहे. १९५७ च्या कॉपीराइट अ‍ॅक्टचं ५७ वं कलम सांगतं, की लेखकानं हक्क विकून टाकले तरी त्याच्या अब्रूला बाधा येईल अशी मोडतोड थांबवायचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. ‘आपका बंटी’ या आपल्या हिंदी कादंबरीवरून निघालेल्या चित्रपटाविरुद्ध लेखिका मन्नू भंडारी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या त्या याच कलमाच्या आधारानं. पण मिरजेच्या बाजूच्या बाईंनी माझी काही मोडतोड केली नव्हती. त्या चौदा पानांपुढे कायदा माझ्या काही कामाचा नव्हता.

कामाला आले ते नाथ.

‘ज्ञानेश्वरी’ १२९० ची. त्यानंतर तीनशे वर्षांत हातानं किती नकला उतरल्या असतील, आणि उतरवणारा प्रत्येक जण भाविक. लिहिता लिहिता ऊर भरून येणार, एखादी ओवी आपणही जोडावी वाटणार. पैठणला, गोदेकाठी, १५८४ मध्ये एकनाथांनी बसून ती शुद्ध केली. ‘ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्धाबद्ध’ असं त्यांनीच लिहून ठेवलंय. आणि काम झाल्यावर शेवटी बजावलंय:

ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी ।
तेणें अमृताचिये ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

अमृताच्या ताटात करवंटी. इतकं शांत आणि इतकं कडक बोलणं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. मूळ लेखकाचा स्वभाव मात्र वेगळा होता. ज्ञानदेव पहिल्याच अध्यायात श्रोत्यांपुढे हात जोडतात, की ‘न्यून तें पुरतें । अधिक तें सरतें’ करून घ्यावं. उणं असेल ते भरून काढा. नकला उतरवणाऱ्यांनी तेच शब्दशः मनावर घेतलं असेल, कोण जाणे. लेखक म्हणतो भरून घ्या, आणि त्याच्यावर जीव ओवाळून टाकणारा वाचक म्हणतो खबरदार.

बरं, हेच नाथ स्वतः काय करत होते? भावार्थ रामायण लिहीत होते. वाल्मीकींचा राम त्यांनी पैठणच्या बोलीत आणून उभा केला, त्याला आपल्या काळाचं दुःख दिलं. ते युद्धकांडात अपुरं राहिलं. परंपरा सांगते की चव्वेचाळिसाव्या अध्यायापुढचं त्यांच्या घरी वाढलेल्या गावबानं पुरं केलं. तोच गावबा, जो पुरणपोळीच्या आशेनं नाथांच्या वाड्यात आला आणि तिथलाच झाला. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला पुरणपोळीच तेवढी कळायची. आता वाटतं, नाथांनी अपुरी पोथी कुणा पंडिताच्या हाती नाही दिली. जो रोज पंगतीत बसून ऐकत होता त्याच्याकडे ती गेली.

मग नरोटीची ओवी कुणाला उद्देशून? मी ती पुन्हा पुन्हा म्हणून पाहिली. नाथ ताटाबद्दल बोलतायत. दुसऱ्याच्या ताटात, कुणाला कळणार नाही अशा बेतानं, आपलं मिसळू नका. आपलं वेगळं ताट मांडायला त्यांची ना नाही, त्यांनी स्वतः पंगती मांडल्या. तुकोबांची सालोमालोवरची तक्रार याच्या पलीकडच्या टोकाची: ‘म्हणती एकाचें आपुलें’. दुसऱ्याचा अभंग घेऊन खाली आपलं नाव. आणि आपला अभंग रचून खाली ‘तुका म्हणे’ घालणारेही पुष्कळ होऊन गेले. त्यांची गंमत अशी की त्यांना काहीच नको होतं, स्वतःचं नावसुद्धा. पण गाथा निवडणाऱ्यांचे डोळे त्यांनीच शिणवले. माझी भाची आणि वहीतली मी या दोन्हींत बसत नाही. पात्र दुसऱ्याचं, हे उघड सांगून, शब्द आपले आणि सही आपली. आणि नरोटीला मी तरी टाकाऊ म्हणणार नाही. आमच्या आजीकडे करवंटीला बांबूची दांडी बसवलेला डाव होता, आमटी त्यानंच वाढायची.

बाराव्या दिवशी मी ड्रॉवर उघडला आणि उरलेली अकरा पानं वाचली.

लिखाण भाबडं होतं. योगायोग फार, एक भाचा ऐन वेळी मुंबईहून येतो, संवादांत सगळे एकमेकांना आपलं दुःख पूर्ण वाक्यांत सांगतात. नवव्या पानावर मात्र मी थांबले. माझ्या कथेत एक वाक्य आहे: ‘आक्का सुटे पैसे कधी गिऱ्हाइकाच्या हातात देत नसे, काचेवर ठेवत असे.’ आमच्या गल्लीतल्या एका दुकानात मी तसं पाहिलं होतं आणि टिपून ठेवलं होतं. तिच्या तुटकपणाला शोभेल म्हणून घातलं, बस्स. या बाईंनी त्याला कारण दिलं होतं. आक्काच्या तळहातांना इसब. पावसाळ्यात भेगा पडायच्या, मलम लावून वर पावडर घासून ती गल्ल्यावर बसायची. एकदा एका मुलीनं पैसे घेताना तिचा हात पाहिला, आणि दुकानाच्या पायरीवर उभी राहून नाणी रुमालानं पुसली. फक्त एवढंच. चार ओळी. मुलगी वाईट नाही, आक्का रडत नाही, दुसऱ्या दिवसापासून पैसे काचेवर.

मी ते पान खिडकीशी नेऊन पुन्हा वाचलं.

चौदाव्या पानाच्या तळाशी, शेवटच्या ओळीखाली, उजवीकडे, जिथे लेखकाचं नाव येतं तिथे त्यांनी माझं नाव लिहिलं होतं. ठळक, अधोरेखित. स्वतःचं नाव पाकिटाच्या मागे, पत्त्यापुरतं.

त्या संध्याकाळी मी त्यांना पत्र लिहिलं. इसबाचा प्रसंग मला सुचला नसता, हे लिहिलं. भाचा काढून बघा, हेही लिहिलं. आणि खाली तुमचं नाव घाला, हे लिहिताना लेखणी थोडा वेळ थांबली होती. पंधरा दिवसांनी कार्ड आलं. ‘नाव घातलं. भाचा काढला. आक्काचं नाव बदलू का? लोकांना कळेल तुमची आहे ते.’ मी कळवलं, बदलू नका. कथा अमक्यांच्या पात्रावरून, एवढं वर एका ओळीत सांगा आणि जिथे पाठवायची तिथे पाठवा.

ती कुठे छापून आली की नाही, मला ठाऊक नाही. पानं अजून माझ्याकडे आहेत. अलीकडे ती पुन्हा काढली तेव्हा दिसलं, काही पानांच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे उलटताना अंगठा लागतो तिथे, कागद तेलकट आणि पारदर्शक झालाय. मी ते तेव्हा स्वयंपाकघरातलं तेल समजले होते.

गेल्या महिन्यात एका वाचनालयानं मला कथा वाचायला बोलावलं. मी हीच निवडली. तीस-पस्तीस माणसं होती, पंखे बंद केले होते, आवाज नीट यावा म्हणून. मी ‘आक्का सुटे पैसे कधी गिऱ्हाइकाच्या हातात देत नसे’ इथवर आले आणि मला पायरीवर उभी राहून नाणी पुसणारी ती मुलगी दिसली. माझ्या पानावर ती नाही. कधीच नव्हती. वाक्याचा उरलेला भाग वाचायला मला थोडा वेळ लागला. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी उठून पाण्याचा पेला माझ्यापुढे टेबलावर ठेवला.